आंबट तळ्यातल्या चाकवाल्या

१

दर मंगळवारी सकाळी अकराच्या आत आंबट तळ्याच्या सहा बाटल्या यायच्या आणि काकू चष्मा पुसून सूक्ष्मदर्शकापुढे बसायच्या. पाणी तपासणीच्या त्या कचेरीत बाकीची मंडळी क्षार मोजत, गढूळपणा मोजत, अहवाल लिहीत. पाण्यातले जीव मोजायचं काम मात्र तेवीस वर्षं एकट्या काकूंच्या गळ्यात होतं. दुसरं कुणी ते घ्यायला तयार नव्हतं, आणि काकूंचाही हट्ट असा, की त्यांच्या खुर्चीवर दुसऱ्या कुणी बसायचं नाही.

आंबट तळं म्हणजे बंद पडलेल्या एका कोळशाच्या खाणीचा खड्डा. त्यात पाणी साचलं, दगडातलं गंधक उतरलं, आणि ते पाणी इतकं आंबट झालं की लोखंडी बादली महिन्याभरात चाळण व्हायची. त्यात मासा नाही, बेडूक नाही, काठाला गवताचं पातं नाही. तळ मात्र लख्ख दिसायचा. नवा माणूस बाटली उजेडात धरून म्हणायचा, "काय स्वच्छ पाणी आहे हो!" काकू म्हणायच्या, "स्वच्छ कसलं डोंबलाचं? उपाशी आहे ते."

त्या पाण्यात राहायचा एकच जीव. त्याचं शास्त्रीय नाव लांबलचक होतं, ते फक्त अहवालात यायचं. कचेरीत सगळे त्यांना चाकवाल्या म्हणायचे. डोळ्यांनी पाहिलं तर धुळीचा गुलाबी कण. भिंगाखाली मात्र एक पारदर्शक पिशवी दिसायची, तिच्या डोक्यावर केसांची दोन चाकं गरगर फिरत असायची, आणि खाली दोन बोटं, त्यांतून डिंक सुटायचा. जबडा तोंडात नव्हे, पार छातीत. तो जबडा कधी थांबायचा नाही. खायला असो नसो, चघळणं चालूच. आणि सगळ्या बायाच. तेवीस वर्षांत काकूंनी त्यांच्यातला एक नर पाहिला नव्हता. आईच्या अंगात अंडं, अंड्यात पिल्लू, आणि त्या पिल्लाचाही जबडा हलताना दिसायचा. "जन्माला यायच्या आधीच बया जेवायला बसलेली," असं म्हणून काकू नाक मुरडायच्या.

माणसाला कामाची सवय होते म्हणतात. काकूंना झाली नाही. दर मंगळवारी त्यांना तितकीच शिसारी यायची, आणि दर मंगळवारी त्या जेवणाआधी कोपरापर्यंत हात धुवायच्या. घरीसुद्धा त्या अशाच. नळ उघडायच्या आधी नळाची चावी धुणारी बाई ती.

आणि हीच बाई नळी तोंडाने ओढायची! बाटलीतलं पाणी थेंबथेंब काचेवर घ्यायला एक बारीक काचनळी असते. तिच्या वरच्या टोकाला रबरी फुगा लावायचा, तो दाबून पाणी ओढायचं, असा नियम. नियमाचा कागद काकूंच्या समोरच्याच भिंतीवर चिकटवलेला होता. पण फुग्याचा धक्का बसला की चाकवाल्या मिटून गोळा होतात, कुठली जिवंत नि कुठली मेलेली कळत नाही, मोजणी चुकते. काकूंना शिकवणाऱ्या जुन्या साहेबांनी त्यांना तोंडाने ओढायला शिकवलं होतं. वरचं टोक ओठांत धरायचं आणि इतकं हळू ओढायचं, की पाण्याला पत्ता लागू नये. तेवीस वर्षांत काकूंच्या जिभेला एक थेंब लागला नव्हता, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता.

त्या मंगळवारी चौथ्या बाटलीत नळी बुडालेली होती आणि टेबलावरचा फोन वाजला. घरून मुलीचा. आठ महिन्यांच्या नातीला सकाळपासून दूध टिकत नव्हतं, त्यामुळे काकूंचं अर्धं लक्ष फोनकडेच होतं. त्या दचकल्या आणि श्वास आत ओढला गेला. चांगलं घोटभर पाणी तोंडात आलं. अर्धं त्यांनी मोरीत थुंकलं. अर्धं खाली उतरून गेलं होतं.

२

"थुंका, काकू, थुंका!" समोरच्या टेबलावरचा केमिस्ट उठून धावत आला. वयाने त्यांच्या मुलीएवढा, स्वभावाने टवाळ, पण मनाने चांगला. "किती गेलं?"

"गेलं असेल अर्धा घोट." काकूंनी पाच वेळा चूळ भरली. कुलूप चाटल्यासारखी चव जिभेवर होती, आणि तिच्यामागे काहीतरी बुळबुळीत. "शी शी शी! मेला तो फोन!"

"मग काही होत नाही. पाणी फार काही जहाल नाही, आणि पोटात गेलेलं काय जगतंय? तिथे आम्ल असतं, सगळं विरघळून..." बोलता बोलता तो थांबला.

दोघांनी एकदमच बाटलीवरच्या चिठ्ठीकडे पाहिलं. तिच्यावर पाण्याचा आंबटपणा आकड्यात लिहिलेला होता. मग केमिस्टला हसू फुटलं.

"म्हणजे त्यांना माहेरी आल्यासारखंच वाटेल म्हणा!"

"तुझ्या जिभेला काही हाड?" काकू कडाडल्या. पण त्यांच्या डोळ्यांपुढे चाकं फिरायला लागली. त्यांनी कचेरीतल्या मोरीशी वाकून घशात बोट घालून ओकायचा प्रयत्न केला, पण नुसत्या कोरड्या ओकाऱ्या आल्या.

"साहेबांना सांगू नकोस," बाहेर येऊन त्या म्हणाल्या. "निवृत्तीला वर्ष राहिलंय. या वयात त्या कागदापुढे उभं करून मला नियम वाचून दाखवतील."

"मी कशाला सांगू? पोटात ठेवतो," केमिस्ट म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळून त्याने जीभ चावली.

३

घरी तिघीच. जावई जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यात. म्हणून मुलगी बाळाला घेऊन आईकडे राहत होती. बाळाला सगळे बबडी म्हणत. बबडीसाठी काकूंचा जीव नुसता तीळतीळ तुटायचा. तिचं वजन वाढत नव्हतं. दूध दिलं की दहा मिनिटांत खांद्यावर परत. डॉक्टर म्हणाले होते, आता थोडं थोडं मऊ खायला सुरू करा, नाहीतर अवघड आहे.

काकूंनी त्या संध्याकाळी तीन वेळा दात घासले, मिठाच्या पाण्याने गुळण्या केल्या, आणि मग स्वतःलाच दटावलं, की पुरे आता, झालं गेलं. मुलीला त्यांनी काही सांगितलं नाही. मुलगी आधीच बाळाच्या काळजीने अर्धी झालेली. त्यातून ती आईवर गेलेली, म्हणजे चटकन किळस येणारी. तिला कळलं असतं तर तिने बबडीला आजीच्या मांडीवर महिनाभर ठेवलं नसतं. आणि दिवसभरातला तो मांडीवरचा वेळच काय तो काकूंच्या हक्काचा होता.

सफरचंदाची फोड उकडूनही बबडी तोंडातून बाहेर ढकलत होती. शेवटी काकूंनी फोड आपल्या तोंडात घातली, चावून चावून तिचा लगदा केला, आणि बोटाने नातीच्या जिभेवर ठेवला.

"शी, आई!" मुलगी ओरडली. "काय करतेस?"

"तुला असंच वाढवलंय. मेलीस का?"

"अगं पण उष्टं..."

"आपल्या माणसाचं उष्टं नसतं." हे काकूंचं ठाम मत होतं. बाहेरचं सगळं घाण, घरातलं काहीच घाण नाही.

आणि बबडीने तो लगदा गिळला. एक घास, दुसरा घास, अख्खी फोड. परत काही आलं नाही. मुलीचे डोळे पाण्याने भरले. तिने दुसरी फोड आईच्या हातात दिली.

४

पुढचा आठवडा सुखाचा गेला, आणि खरं सांगायचं तर काकूंना पहिली शंका आली ती त्या सुखाचीच.

त्यांच्या छातीत बारा वर्षं जळजळ होती. गोळ्यांचं त्यांना वावडं, म्हणून रोज सकाळी थंड दूध पिऊन त्या निभावून न्यायच्या. ती जळजळ शुक्रवारी थांबली. शनिवारी त्यांनी मुद्दाम तिखट खाल्लं, तरी काही नाही. पोट कसं गार. ढेकर मात्र यायचे, आणि त्यांना ओल्या नाण्यांचा वास यायचा. काकू पदर तोंडावर धरायच्या आणि आपल्याच वासाने तोंड फिरवायच्या.

बबडीलाही दूध टिकायला लागलं. रोज संध्याकाळी आजीच्या तोंडचं सफरचंद, आणि मग शांत झोप. चार-पाच दिवसांत तिचे गाल भरले. मुलगी शेजारणीला सांगत होती, "आईच्या हाताला गुण आहे हो!" काकू आतून ते ऐकत होत्या. एरवी त्या फुलून गेल्या असत्या.

रविवारी दुपारी त्या पाळण्याशी भाजी निवडत बसल्या होत्या. बबडी झोपली होती, आणि झोपेत तिचा जबडा हलत होता. सगळीच बाळं झोपेत तोंड हलवतात. स्वप्नात दूध पितात, मग थांबतात, मग पुन्हा पितात. बबडी थांबत नव्हती. वर, खाली, वर, खाली, अगदी एका लयीत. काकूंनी भाजी खाली ठेवली. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत एक मिनिट मोजलं, मग दुसरं मिनिट मोजलं. दोन्ही वेळा आकडा तोच आला.

"दात येतायत," त्या स्वतःशीच म्हणाल्या. त्यांनी बाळाच्या हनुवटीखाली हळूच बोट लावलं. जबडा थांबला. पण बोटाला, आत कुठेतरी खाली, ते चघळणं तसंच लागत राहिलं.

काकूंनी हात झटकन मागे घेतला. मग त्यांना स्वतःचाच राग आला. बाळाच्या काळजाचे ठोके ते, दुसरं काय असणार? आठ महिन्यांच्या पोरीचं काळीज भराभर चालतं, हे कुणीही सांगेल. त्यांनी भाजी पुन्हा मांडीवर घेतली. पण पुन्हा बोट लावून पाहायचा धीर काही झाला नाही.

५

सोमवारी सकाळी दूध नासलं. नासलं म्हणजे सगळं नव्हे. ताजं दूध, एकच पातेलं. मुलीने तिच्या कपात ओतून घेतलं, ते चांगलं होतं. बबडीच्या वाटीतलं काकूंनी कोमट आहे का ते पाहायला ओठाला लावलं, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत वाटीच्या कडेला दुधाच्या बारीक गुठळ्या झाल्या. गुठळ्यांच्या मधलं पाणी लख्ख होतं.

"वाटी नीट धुतली नसेल," मुलगी म्हणाली.

वाटी काकूंनीच धुतली होती, आणि काकूंनी धुतलेल्या वाटीबद्दल त्या घरात असं कुणी कधी बोललं नव्हतं.

कचेरीत केमिस्ट जेवायला गेल्यावर काकूंनी एक कोरी काच घेतली आणि तिच्यावर थुंकी ठेवली. पन्नाशी उलटलेली, नळाची चावी धुणारी बाई आपलीच थुंकी भिंगाखाली पाहत बसली होती. दिसली ती नेहमीची घाण. गालाच्या आतले पापुद्रे, अन्नाचे कण, जंतूंची वळवळ. काकूंना इतकं हलकं वाटलं, की त्या मोठ्याने हसल्या. आणि हसता हसता काच जराशी सरकली, तर कोपऱ्यात एक चाकवाली. तिची चाकं फिरत होती, अंगात अंडं होतं.

केमिस्ट आल्यावर त्याला त्यांनी बोलावून दाखवलं. त्याने डोळा लावला आणि मान हलवली. "काच, काकू, काच! इथल्या प्रत्येक काचेवर तेवीस वर्षांच्या चाकवाल्या वाळून बसल्यात. ओल मिळाली की उठल्या. पुडा फोडून नवीन काच घ्या."

खरं होतं ते. काकूंनी नवा पुडा फोडला. तीन काचा पाहिल्या, तिन्हींत काही नाही.

"बघा! तुमच्या तोंडात नाही, तुमच्या काचेवर आहे," असं म्हणून तो आपल्या कामाला गेला.

काकूंनी चहा मागवला. दुसऱ्या घोटाला ओला ढेकर आला आणि पोटातलं तोंडभर वर आलं. त्यात चहाचा रंग नव्हता, पित्ताचा पिवळेपणा नव्हता. त्यांनी ते बशीत टाकलं. बशीच्या तळावरची निळी फुलं त्यातून स्पष्ट दिसत होती. पुड्यातली चौथी काच त्यांनी हातात घेतली, आणि या वेळी नळीला फुगा लावला.

त्यांनी भिंगाला डोळा लावला, आणि दोन श्वासांत काढून घेतला. मोजता येतील इतक्या थोड्या नव्हत्या त्या; बटण दाबून आकडा वाढवायच्या यंत्राला त्यांचा हात गेलाच नाही. बशी त्यांनी उकळत्या पाण्याने धुतली, मग कागदात गुंडाळून फोडली, मग कचऱ्यात टाकली. केमिस्टने मान वर करून विचारलं, "काय हो?"

"काही नाही," काकू म्हणाल्या. त्यांना रडू येत होतं. स्वतःची इतकी घाण त्यांना जन्मात वाटली नव्हती. पण त्या बसल्या जागी जे मोजत होत्या ते दुसरंच होतं. मंगळवारपासून आजपर्यंत सहा संध्याकाळी, रोज एक अख्खी फोड, चावून, स्वतःच्या तोंडातून.

६

मंगळवारी सकाळी कचेरीत जायच्या आधी त्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर वयस्कर, गल्लीतल्या सगळ्यांची पोटं त्यांना पाठ. सगळं सांगायचं असं ठरवूनच काकू आत गेल्या होत्या. पण डॉक्टर बबडीचेही डॉक्टर होते आणि मुलीशी रोज बोलायचे. काकूंनी निम्मंच सांगितलं.

"आंबट पाणी वर येतं. फार येतं. ते आंबटपण मारायला काहीतरी द्या."

"इतकी वर्षं देतो म्हणत होतो, तेव्हा नको होतं!" डॉक्टर हसले. त्यांनी खडूच्या पाण्यासारखं पांढरं औषध लिहून दिलं. "याने पोटातलं आम्ल पार बसेल."

"आणि आम्लावरच जगणारं काही असेल, तर ते मरेल ना?"

"काय मरेल?"

"असेल ते." काकूंनी घाईघाईने विषय बदलला. "आमच्या बबडीलाही तसंच होतंय हो. तिच्यासाठी लहान मुलांचं काही?"

"आणून दाखवा तिला."

"उद्या आणते. तोवर आजच्या दिवसाचं द्या. रडते हो फार." हे साफ खोटं होतं. बबडी आठवड्यात एकदाही रडली नव्हती.

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि सौम्य असं बाळांचं औषध लिहून दिलं. काकू दोन्ही औषधं विकत घेऊन तशाच घरी परतल्या. बाटली मुलीच्या हातात देऊन म्हणाल्या, "दर तीन तासांनी अर्धा चमचा. विसरायचं नाही."

"पण ती बरी आहे की, आई. उलट इतकी छान कधी नव्हती!"

"सांगते ते ऐक. डॉक्टरांनी दिलंय."

बबडी आईच्या कडेवरून आजीकडे झेपावली. आजीने पाऊल मागे घेतलं. मुलीला ते दिसलं. जिन्यात काकूंनी पांढऱ्या औषधाचे दोन मोठे घोट घेतले. पोटात कसं शांत शांत वाटलं. आठवड्यात पहिल्यांदा त्यांना आशा वाटली. आंबट पाण्यातले जीव ते, आंबटपणा काढून घेतला तर जगतील कसे?

७

दुपारी दोनच्या सुमारास त्यांच्या जिभेखाली खाज सुटली.

आधी जिभेखाली, मग घशात, मग नाकाच्या मुळाशी. केस अडकल्यासारखं वाटत होतं, पण केस एका जागी असतो. हे वर येत होतं. काकू मोरीकडे गेल्या, पांढरा रुमाल जिभेवरून खरवडून फिरवला, आणि पाहिलं. बोटभर गुलाबी डाग. रक्त असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. रुमाल मोरीच्या कट्ट्यावर ठेवून त्यांनी खसाखसा चुळा भरल्या. तोंड पुसायला रुमाल घेतला तर डाग मधोमध नव्हता. तो काकूंच्या बाजूच्या कडेला आला होता, आणि कडेवरून खाली कट्ट्यावर उतरत होता.

काकू भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. आणि तेव्हा त्यांना चुन्याची आठवण झाली.

दोन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी डोक्यातून निघालं होतं, की तळं सुधारायचं. होड्या भरभरून चुना टाकला होता, म्हणजे आंबटपणा जाईल, मासे सोडता येतील. पाहणीला काकू आणि केमिस्ट दोघंही गेले होते. चाकवाल्या मरतील असं सगळे धरून चालले होते. तिसऱ्या दिवशी काठावरचे दगड गुलाबी झाले होते. पाण्याच्या वर, वीतभर, हातभर, ओल्या दगडांवरून चाकवाल्यांची दाट साय चढत होती. "चुना नकोसा झालाय, निघाल्या वर," असं केमिस्ट म्हणाला होता. काकूंनी तेव्हा नाकाला पदर लावला होता. पुढे पावसाने दगडातलं गंधक उतरून तळं पुन्हा आंबट झालं, आणि चाकवाल्या परत पाण्यात उतरल्या.

अहवाल काकूंनीच लिहिला होता. स्वतःच्या हाताने लिहिलेलं आपण सकाळी कसे विसरलो, हे त्यांना कळेना. त्यांनी घरी फोन लावला. तो वाजत राहिला. पर्स न घेताच त्या जिना उतरल्या. मागून केमिस्ट हाका मारत होता, "अहो काकू! बाटल्या तशाच पडल्यात!"

८

दार उघडंच होतं. मुलगी खिडकीशी उभी होती, बबडी तिच्या खांद्यावर. घरात बाळाच्या साबणाचा वास होता, आणि ओल्या नाण्यांचा.

"औषध दिलंस?"

"दोनदा. आत्ताच दुसरं झालं. तू म्हणालीस ना? पण आई, लाळ किती गळतेय बघ. माझा खांदा भिजला."

"तिला खाली ठेव. पाळण्यात ठेव आणि लांब हो."

"का? काय झालं?"

काकूंनी पुढे हात केले. मुलगी अर्धं पाऊल मागे सरली. सकाळी आजी बाळापासून मागे सरली होती ते तिच्या लक्षात होतं. आता काकूंच्या तोंडाकडे पाहताना तिच्या कपाळाला आठी पडली. "तुझ्या ओठाला काय लागलंय?"

मग काकूंनी सांगून टाकलं. नळी, फोन, घोट, सफरचंद. एका दमात, उभ्या उभ्या, जीभ घाणीने जड झालेली असताना. आठ दिवस ज्याची भीती होती ते त्यांना समोर दिसत होतं. मुलीच्या चेहऱ्यावर आधी काहीच न कळल्याचं, मग सगळं कळल्याचं, आणि मग अशी किळस, जशी काकूंनी आयुष्यभर भिंगाच्या वरून केली होती.

"तुला माहीत होतं? आणि तू तिला..."

"आधी नव्हतं माहीत गं! शप्पथ. दे तिला इकडे."

"जवळ येऊ नकोस." मुलगी खिडकीला टेकली. तिने बाळाला दोन्ही हातांनी छातीशी आवळलं. "हात लावायचा नाही तिला. तू घाण आहेस, आई. घाण आहेस तू!"

"मी आहे घाण. कबूल. पण तिला खाली ठेव. तुझ्या पाया पडते."

पण आई घाबरली की बाळाला खाली ठेवत नाही, अजून घट्ट धरते. तिने बबडीचं तोंड आपल्या गळ्यात लपवलं, मग वर उचललं, आणि रडत रडत तिचे मुके घ्यायला लागली. गालाचे, हनुवटीचे, ओल्या तोंडाचे. "काही नाही हं माझ्या राणीला. काही झालेलं नाही. बघ, काही झालेलं नाही."

बबडी रडत नव्हती. तिने तोंड उघडलं, आणि खिडकीतल्या उजेडात काकूंना तिची जीभ दिसली. जीभ म्हणजे, जिथे जीभ असते तिथे साय होती. दाट, गुलाबी, आणि तिच्यावर वारा नसताना सगळीकडे एकाच दिशेने लव फिरत होती. ती दातांच्या जागेवरून खालच्या ओठावर आली होती. ओठावरून लाळेच्या धाग्याला धरून पलीकडे गेली होती. मुलीच्या हनुवटीवर एक बारीक रेघ वर चढत होती, आणि मुलीला ती जाणवत नव्हती.

"पूस!" काकू किंचाळल्या. "तोंड पूस! तोंड उघडू नकोस, पूस आधी!"

मुलगी दचकली, आणि दचकलेलं माणूस करतं तेच तिने केलं. ओठांवरून जीभ फिरवली.

"आंबट लागतंय," ती म्हणाली. रडणं मध्येच थांबवून तिने जरा विचार केला, आणि पुन्हा एकदा ओठ चाटून पाहिले.